खडाखडी: फ्लँडर्समधले नऊ दिवस आणि शेवटचे दोनशे मीटर

शनिवार, २६ मार्च २०२२

मामांना माझ्या गाडीत बसवलं ते मामींनीच. बेल्जियममधल्या लुव्हेनला मामेबहिणीचं बाळंतपण. घरात महिन्याचं बाळ, धुरीचा वास, आणि मामा खिडकीत उभे राहून समोरच्या सिग्नलला किती गाड्या थांबतात ते मोजतायत. "घेऊन जा बाबा ह्यांना आठवडाभर कुठंतरी. दर दहा मिनिटांनी चहा मागतात," असं मामी म्हणाल्या आणि मामांची बॅग माझ्या डिकीत आली.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरी करतो. मार्च संपत आला की रजा टाकून बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात एकदिवसीय सायकल शर्यती बघायला जायचं, हे माझं ठरलेलं व्यसन. मधली दोन वर्षं कोरोनानं प्रेक्षकांना रस्त्यावर उभंच राहू दिलं नव्हतं, त्यामुळे यंदा भूक जास्त. सायकल गाडीच्या मागे अडकवलेली, शेजारी सांगली डेपोतून निवृत्त झालेले एसटी ड्रायव्हर.

गेंटच्या पुढे ई-१७ महामार्ग लागला तेव्हा मी सांगितलं, "मामा, या रस्त्याचं जुनं नाव ई-३. त्याच्या नावानं शर्यत असते. कालच झाली, पुढे हारेलबेकेला."

"रस्त्याच्या नावानं शर्यत?" मामा सरसावून बसले. "म्हंजे एन्एच फोर केसरी म्हण की."

ती शर्यत जिंकली वाउट वान आर्टनं. पण त्याचा संघसोबती क्रिस्तोफ लापोर्त त्याच्या खांद्याला खांदा लावूनच रेषा ओलांडत होता. बाकीचे सगळे मागे पडलेले, त्यामुळे दोघांनी गळ्यात हात टाकून शर्यत संपवली. मामांना हे अजिबात पटलं नाही. "ठरवून जिंकायचं तर शर्यत कशाला? पुढं असंल त्यो पयला. त्यात डोकं काय लावायचं?"

सायकलीच्या शर्यतीत पुढे असणं ही बऱ्याचदा शिक्षा असते, हे मी त्यांना समजावून बघितलं. वारा कापायचं काम पुढच्याचं. मागच्या चाकाला चिकटलेल्याला तीसेक टक्के जोर कमी लावावा लागतो, आणि मोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलात तर त्याहूनही कमी. मामा गप्प झाले. मग म्हणाले, "ट्रकच्या मागं गाडी लावली की डिझेल वाचतंय, ते म्हाईत हाय. पर ट्रकमागं राहून पंढरपूर पयलं कोन पोचलंय?"

याला उत्तर सुचेना. कोर्त्रिकला हॉटेलात सामान टाकलं.

रविवार, २७ मार्च

आज युरोपातली घड्याळं एक तास पुढे गेली. माझ्या फोननं ते आपसूक केलं, मामांच्या मनगटावरच्या एचएमटीनं केलं नाही. "साडेसात झाल्यात, निवांत हाय," म्हणत त्यांनी दाढी लांबवली, आणि मी खाली जाऊन बघतो तर नाश्त्याची भांडी उचललेली. इपरला पोचेपर्यंत दोघांच्या पोटात फक्त मामींनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू.

गेंट-वेव्हेलगेम ही शर्यत नावापुरतीच गेंटची. यंदा ती सुटली इपरहून, मेनिन गेटपासून. पहिल्या महायुद्धात ज्यांचे देहही सापडले नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्या कमानीवर कोरलेली आहेत. त्यात आपल्याकडच्या, तेव्हाच्या हिंदी फौजेच्या शिपायांचीही नावं आहेत. मामा टोपी काढून भिंतीला नाक लावून वाचत राहिले. खाली रस्त्यावर रंगीबेरंगी कपड्यांतली पोरं सह्या करतायत, लाउडस्पीकर किंचाळतोय, आणि वर ही नावं. मामांना तिथून हलवायला मला दोनदा हाक मारावी लागली.

शर्यत २४८.८ किलोमीटरची. मधे केमेलबर्ग ही टेकडी तीनदा चढायची. उंची म्हणाल तर समुद्रसपाटीपासून जेमतेम १५६ मीटर, पण दगडी फरसबंदी आणि चढ वीस टक्क्यांच्या वर. या शर्यतीचा खरा शत्रू मात्र वारा. समुद्राकडच्या सपाट शेतांमधून आडवा वारा सुटला की स्वार एकामागे एक न राहता रस्त्याच्या रुंदीत तिरके पसरतात. फ्लेमिश लोक त्या रचनेला हातपंख्याचं नाव देतात. रस्ता संपला की पंख्यात जागा संपते. मग उरलेल्यांनी गटारीच्या कडेनं वारा खात मरायचं. २०१५ साली इथे वाऱ्यानं माणसं सायकलीसकट उचलून खड्ड्यात टाकली होती. चाळीसहून कमी जणांनी ती शर्यत पूर्ण केली आणि लुका पाओलिनी जिंकला.

आज तसं काही नव्हतं. आम्ही गाडी हाणत वेव्हेलगेमला आलो आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर, रेषेच्या दीडेकशे मीटर अलीकडे, कठड्याला पोट लावून उभे राहिलो. समोर मोठा पडदा. पडद्यावर चौघं सुटलेले: जम्बो-व्हिस्मा संघाचा लापोर्त (परवाचाच), मागच्या वर्षी इटलीतली मिलान-सान रेमो शर्यत जिंकलेला यास्पर स्टायव्हन, ड्रीस वान गेस्टेल, आणि एरिट्रियाचा बिनियम गिरमाय. वय २१.

"काळा पोरगा कोन?" मामांनी विचारलं. मी सांगितलं. तेव्हापासून मामा त्याचे.

चौघांचं गणित मजेशीर असतं. मागून घोळका येतोय, त्यामुळे चौघांनीही आळीपाळीनं पुढे येऊन वारा खायलाच हवा. पण शेवटी एकच जिंकणार, त्यामुळे प्रत्येकजण आपली पाळी चार सेकंद कमी करायला बघतो. शेवटच्या किलोमीटरची झेंडी गेली की ही भागीदारी मोडते. सगळे एकमेकांच्या खांद्यांकडे, पायांकडे, गिअरच्या हाताकडे बघायला लागतात.

गिरमाय सगळ्यात मागे होता. मला वाटलं, चुकला. साधारण अडीचशे मीटर उरले असताना तो बाजूनं निघाला. हे लांब होतं. माणूस पूर्ण ताकदीनं दहा-पंधरा सेकंद तग धरतो, त्यात अडीचशे मीटर म्हणजे हिशेब काठावर. पण तो मागून वेग घेऊन आला होता. पुढच्यांना पॅडल मारायला सुरुवात करावी लागली, आणि त्याची सुरुवात तोवर होऊन गेली होती. लापोर्त त्याच्या चाकामागून सरकत सरकत वर आला, पण बाजूला येईपर्यंत रेषा संपली. आमच्या समोरून ते गेले तेव्हा मला फक्त सायकली डावी-उजवीकडे आपटल्यासारख्या झुलताना दिसल्या आणि टायरांचा फर्रर्र असा आवाज आला. तीन सेकंद असतील.

दगडी रस्त्यांची ही मोठी एकदिवसीय शर्यत आफ्रिकन स्वारानं पहिल्यांदाच जिंकली. कठड्यापलीकडची एक आजी रडत होती. मामा मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तर म्हनलास मागं ऱ्हायचं. त्यो तर सगळ्यांच्या आदी उठला."

"मागे होता म्हणून उठता आलं, मामा."

"हं."

(याच गिरमायनं मे महिन्यात इटलीतल्या जिरो शर्यतीचा एक टप्पा स्प्रिंटमध्ये, म्हणजे शेवटच्या धडाक्यात, जिंकला, आणि बक्षीस घेताना वाइनच्या बाटलीचं बूच उडून डोळ्यात गेल्यानं त्याला शर्यत सोडावी लागली. मी मामांना ते फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. "दृष्ट," एवढंच म्हणाले.)

सोमवार, २८ मार्च

मामांचा सोमवार. बटाटा चालतो, म्हणून दुपारी चौकातल्या तळणाच्या गाड्यावर गेलो. खास बेल्जियन फ्राइज. मी आपलं सहज विचारलं, तेल कुठलं? गाड्यावाला अभिमानानं म्हणाला, पारंपरिक, गाईची चरबी. मामांनी हातातला कागदी कोन जसाच्या तसा फळीवर ठेवला, गाड्यावाल्याला नमस्कार केला आणि निघाले. संध्याकाळपर्यंत केळी. बाकी दिवस पावसात गेला.

मंगळवार, २९ मार्च

ओडेनार्डेजवळच्या टेकड्या बघायला गेलो. रविवारच्या मोठ्या शर्यतीचं, 'रोंडे'चं, भवितव्य इथे ठरतं.

औडे क्वारेमाँट लांब आहे, २.२ किलोमीटर, सरासरी चढ ४ टक्के. आकडा ऐकून हसू येतं, फरसबंदीवर चाक गेलं की थांबतं. दगड सपाट नाहीत, प्रत्येकाची पाठ वर आलेली आहे. हँडल घट्ट धरलं तर दात वाजतात, सैल धरलं तर चाक कुठेही जातं. त्यानंतर लगेच पाटरबर्ग: फक्त ३६० मीटर, पण सरासरी जवळजवळ १३ टक्के आणि वरच्या बाजूला वीसच्या पुढे. शर्यत आपल्या दारावरून जावी म्हणून इथल्या एका शेतकऱ्यानं हा रस्ता फरसबंद करून घेतला, असं सांगतात. १९८६ पासून तो शर्यतीत आहे.

मी दोन्ही चढलो. पाटरबर्गच्या वरच्या वळणावर पाय टेकवला, हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं. मामा गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि दगडांमधली माती बोटानं उकरून बघितली. "खोपोलीचा घाट ह्याच्या धा पट हाय," म्हणाले. मग त्यांना आठवलं: मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या वेळी बोरघाटात त्यांची गाडी पोलिसांनी थांबवून ठेवली होती, आणि खिडकीतून त्यांनी पोरं चढताना बघितली होती. घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. "पर घाटाचा राजा पुन्यात पयला येतोच असं न्हाई. खंडाळ्याच्या म्होरं सपाटी हाय न्हवं."

नेमकं हेच. पाटरबर्गच्या माथ्यापासून रोंडेची रेषा सुमारे १३ किलोमीटर लांब आहे, आणि ते सगळे किलोमीटर सपाट आहेत. टेकडीवर दहा सेकंद मिळवलेल्या एकट्या माणसाला तिथे वारा खातो. दोघं असले तर पोचतात. पण मग दोघांचा प्रश्न उरतो.

बुधवार, ३० मार्च

ड्वार्स डोर फ्लांडेरन, म्हणजे 'फ्लँडर्समधून आडवं'. रूसेलारेहून वारेगेमपर्यंत. थंडी परत आली होती, मामांनी माझी बर्फातली कानटोपी आणि वर मफलर असा बंदोबस्त केला होता.

शेवटी समोरून आले ते दोघंच: माथ्यू वान डेर पूल आणि टीश बेनोट. आता, वान डेर पूलबरोबर दोघांच्या स्प्रिंटला जाणं म्हणजे गावच्या पहिलवानानं महाराष्ट्र केसरीशी हात मिळवणं. पण बेनोटनं तरी काय करावं? पळ थांबवला तर मागचे येऊन पकडतात आणि दुसरा नंबरही जातो. चालू ठेवला तर पुढे हाच बसलाय. तो पळत राहिला, आणि दुसरा आला. टॉम पिडकॉक तिसरा.

टूर द फ्रान्स दोनदा जिंकलेला टाडेय पोगाचार दहावा आला. व्यावसायिक स्वार म्हणून इथल्या दगडांशी त्याची पहिलीच ओळख. पुढचा गट सुटला तेव्हा तो चुकीच्या जागी होता, आणि नंतर कितीही ताकद लावली तरी ते अंतर भरलं नाही.

परतताना मामांनी वान डेर पूलची चौकशी केली. सांगितलं: वडील आद्री यांनी १९८६ ची रोंडे जिंकली होती. आईचे वडील रेमंड पुलिदॉर, सतत दुसरे-तिसरे येणारे, ज्यांनी कारकिर्दीत टूर द फ्रान्सचा आघाडीवाल्याचा पिवळा जर्सी एक दिवसही घातला नाही आणि तरी फ्रान्सनं त्यांना डोक्यावर घेतलं.

"म्हंजे आजोळचं दुसरं येनं धुऊन काढतोय," मामा म्हणाले.

गुरुवार, ३१ मार्च

ओडेनार्डेचं रोंडे संग्रहालय. मामांना सगळ्यात आवडलं ते १९८७ चं प्रकरण: कोपेनबर्ग या चढावर पुढे असलेला डॅनिश स्वार येस्पर स्किबी पडला आणि मागून आलेली आयोजकांची गाडी त्याच्या सायकलीवरून पुढे निघून गेली. त्या लाजेपायी तो चढ २००२ पर्यंत शर्यतीतून वगळला. "रिव्हर्स घ्यायचा की रं," मामांचा धंद्यातला सल्ला, पस्तीस वर्षं उशिरा.

उरलेला वेळ ते फोनवर एसटीच्या संपाच्या बातम्या बघत बसले. जुने सोबती पाच महिने घरी बसले होते.

शुक्रवार, १ एप्रिल

आज प्रयोग.

शेल्ड नदीच्या काठानं एक सरळ, सपाट सायकलवाट आहे. पूर्वी तिच्यावरून घोडे नावा ओढायचे. मामांसाठी भाड्यानं बॅटरीची सायकल घेतली. या सायकलीची मोटर ताशी २५ किलोमीटरला बंद होते, त्यापुढे आपलीच मांडी. वारा समोरून. मी पुढे, मामा मागे, माझ्या चाकापासून वीतभर अंतरावर. तीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाला अंतराचा अंदाज शिकवावा लागत नाही.

पंधरा मिनिटांनी मी घामाघूम, मामा मागून भजन गुणगुणतायत.

"आता शेवटचे दोनशे मीटर," मी ओरडलो. "तो निळा खांब म्हणजे रेषा." आणि शहाणपणा करून वेग कमी केला, टीव्हीवर बघितलेलं तसं. मान वळवून मागे बघतोय. मामांनीही कमी केला. आणखी कमी. जवळजवळ चालण्याचा वेग. तेव्हा मागून आवाज आला:

"ही तर खडाखडी!"

कुस्ती लागली की पहिलवान लगेच पट काढत नाहीत. मनगटं धरायची, मान दाबायची, ढकलून बघायचं, समोरचा कुठल्या पायावर भार देतोय त्याचा अंदाज घ्यायचा. ती खडाखडी. लोक शिट्ट्या मारतात, पंच दम देतो, पण खरी कुस्ती तिथेच लागलेली असते. मामा तरुणपणी तालमीत होते. इतके दिवस मी वाऱ्याची टक्केवारी सांगत होतो, आणि त्यांना हवा होता एवढा एक शब्द.

मी उजवीकडे बघत असताना ते डावीकडून निघाले. जवळजवळ शून्यातून उठायचं म्हटल्यावर मोटरचा झटका त्यांना मिळाला आणि मला माझा जड गिअर फिरवायला चार पॅडल लागली. खांबाशी ते अर्धा चाक पुढे होते. सहासष्टाव्या वर्षी.

हरल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. वेग कमी करणं हा ज्याचा झटका मोठा त्याचा डाव असतो. ज्याच्याकडे झटका नाही पण दम आहे, त्यानं लांबून आणि वेगातच सुरू करायला हवं होतं. किंवा मुळात समोरच्याला एवढं दमवायला हवं होतं की झटका उरूच नये. गेल्या वर्षी याच ओडेनार्डेत, रोंडेच्या शेवटी, कॅस्पर आस्ग्रीननं वान डेर पूलला असंच हरवलं. २५४ किलोमीटरनंतर दोघं, स्प्रिंट वान डेर पूलनं सुरू केली, आस्ग्रीन बरोबरीला आला, आणि रेषेच्या थोडं आधी वान डेर पूलचे पाय चक्क थांबले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० ला, तोच वान डेर पूल त्याच रस्त्यावर वान आर्टला काही सेंटिमीटरनं हरवून गेला होता, शेवटच्या क्षणी हात ताठ करून सायकल रेषेवर फेकून. रस्ता तोच, डाव तोच. फरक पायात काय उरलंय याचा.

मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "हरलास ते सांग की सरळ."

शनिवार, २ एप्रिल

हौशी स्वारांची फेरी. हजारोंनी लोक, रस्त्यांवर नुसती गर्दी. आम्ही झोपलो, कपडे धुतले. गिरमायचा आज बाविसावा वाढदिवस. तो उद्या नाही, ठरल्याप्रमाणे बायको-मुलीला भेटायला घरी गेलाय. वान आर्टही आजारपणामुळे बाहेर. मामा हळहळले.

रविवार, ३ एप्रिल

सकाळी अकराला ओडेनार्डेच्या मिंडरब्रूडर्सस्ट्राटवर जागा धरली, रेषेच्या दोनेकशे मीटर अलीकडे. शर्यत तेव्हा तिकडे अँटवर्पहून निघालेली, एकूण २७२.५ किलोमीटर. पाच-सहा तास एका जागी उभं राहायचं तर शेजारधर्म पाळावा लागतो. डावीकडे काळ्या सिंहाचा पिवळा झेंडा घेतलेलं एक फ्लेमिश कुटुंब. त्यांनी मामांना झेंडा धरायला दिला, मामांनी त्यांना लाडू दिले. भाषेचा प्रश्न आला नाही.

पोगाचारनं क्वारेमाँटच्या दुसऱ्या चढापासूनच फोडाफोड सुरू केली. कोपेनबर्गवर पुन्हा. शेवटच्या क्वारेमाँटवर आणखी एकदा, आणि आता त्याच्या चाकावर एकच माणूस उरला: वान डेर पूल. पाटरबर्गवर पोगाचारनं अखेरचं बघितलं. वान डेर पूलचे खांदे डगमगले, सायकल क्षणभर तिरकी झाली, पण दोरी तुटली नाही. माथा आला, पुढे ती तेरा किलोमीटरची सपाटी. मागे डिलन वान बार्ले आणि व्हॅलेंटिन मादुआस, जवळपास अर्ध्या मिनिटावर.

"आता ही दोगं येनार," मामा म्हणाले. "आनि हितं खडाखडी."

शेवटच्या किलोमीटरला तेच झालं. वान डेर पूल पुढे, मान वळवून मागे बघतोय. पोगाचार त्याच्या चाकावर. पुस्तकात लिहितात ती योग्य जागा: वारा दुसऱ्याला, आपल्याला सगळं दिसतंय, आणि पहिला डाव टाकायची जबाबदारी पुढच्याची. वेग कमी होत होत असा झाला की सायकली लडखडायला लागल्या. वर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय. आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, त्यांच्या मागे, दोन ठिपके मोठे होत होते.

मामा कठड्यावरून अर्धे बाहेर. "आरशात बघ! लेका, आरशात बघ!"

पोगाचार समोरच्या पाठीकडे बघत होता. वान डेर पूल मात्र मागे बघत होता, त्यामुळे त्याला पोगाचारही दिसत होता आणि त्याच्या मागून येणारं संकटही. वान बार्ले आणि मादुआस पूर्ण वेगात आले. यांच्या चालण्यापुढे ते वादळच. ते अगदी बरोबरीला येणार तेवढ्यात वान डेर पूल उठला. ताशी साठच्या वेगानं दोनशे मीटर म्हणजे बारा सेकंद. पोगाचारलाही उठायचं होतं, पण एका अंगाला वान बार्ले, दुसऱ्या अंगाला मादुआस, समोर चाक. भिंतीत चिणल्यासारखा. फट कुठेच नाही. आमच्या समोरून ते गेले तेव्हा तो पॅडल न मारता हात झटकत होता, हे मी या डोळ्यांनी बघितलं. दिवसभर सगळ्यांना फोडलेला माणूस चौथा. वान डेर पूल पहिला, वान बार्ले दुसरा, मादुआस तिसरा.

शेजारचं कुटुंब आनंद आणि वाद यांत विभागलं गेलं. मी स्वतः गोंधळलो होतो. आठवडाभर मामांना पढवलेलं काय, तर मागे राहा. आणि आज पुढच्याकडेच मोकळा रस्ता होता. वारा खाणारी ती जागा शेवटच्या दोनशे मीटरला अचानक सगळ्यात सुरक्षित झाली, कारण मागून कुणीही येवो, पुढच्याच्या वाटेत कुणी उभं राहू शकत नाही. हे वान डेर पूलनं मुद्दाम केलं की नशिबानं झालं, यावर मी अजून दोन्ही बाजूंनी भांडू शकतो. माझं मत: वेग कमी करणं मुद्दाम, बाकी नशीब. (पुढच्या वर्षी पोगाचारनं यावर साधा उपाय काढला. शेवटच्या क्वारेमाँटवर वान डेर पूललाच मागे टाकलं आणि रेषेवर एकटा आला. खडाखडीला माणूसच ठेवला नाही.)

बायकांची शर्यत अजून यायची होती. अर्धी गर्दी बिअरकडे गेली. आम्ही थांबलो, आणि मला विचाराल तर डावपेचांत हीच शर्यत सरस होती. पुढे तिघी: आनेमीक वान व्ह्लोटन, मागच्या वर्षीची विजेती, आणि एकाच संघाच्या दोघी, लोटे कोपेकी आणि शांताल वान डेन ब्रूक-ब्लाक. कोपेकीच्या अंगावर बेल्जियमच्या विजेतीचा काळा-पिवळा-लाल जर्सी, त्यामुळे रस्ताभर नुसता गलका.

शांतालनं पळ काढला. आता तिला पकडायचं कुणी? कोपेकी कशाला पकडेल, तिचीच सोबतीण. वान व्ह्लोटनला एकटीनं वारा खात जावं लागलं, आणि कोपेकी तिच्या सावलीत फुकट आली.

"दोगी एका घरच्या," मामा हळूच म्हणाले. "ही बिचारी एकटीच लेक." मग थोड्या वेळानं: "ती मागची आता म्होरं येनार न्हाई बघ. रेषा दिसंपतुर न्हाई."

आली नाही. रेषा दिसली तेव्हा कोपेकी उठली, आणि वान व्ह्लोटनच्या पायात उत्तर नव्हतं. शांताल तिसरी, मागून दोन्ही हात वर करून येणारी. २०१० नंतर पहिल्यांदाच बेल्जियन बाईनं ही शर्यत जिंकली होती. शेजारच्या फ्लेमिश काकांनी मामांना मिठी मारली. झेंडा त्यांनी परत घेतलाच नाही.

लुव्हेनला पोचायला रात्रीचे दहा झाले. बाळ झोपलेलं. मामींनी ताटं वाढली आणि दबक्या आवाजात विचारलं, "मग? कोण जिंकलं?"

मामांनी आमटीची वाटी आपल्या ताटाबाहेर काढून ठेवली. शेजारी माझी वाटी. समोर लिंबाची फोड. मधे चमचा उभा धरला. "हे बघ. ह्यो लिंबू वान डेर पूल. ह्या दोन वाट्या मागनं आल्या, जोरात. आनि ह्यो चमचा हाय न्हवं, ह्यो पोगाचार. ह्याला आता बाहीर पडायला कुटनं..."

"सोडा तो," मामी म्हणाल्या, आणि चमचा घेऊन भात वाढायला लागल्या.